गुरुवारची नातेवाईक

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, कपडे अल्टर करून देणारं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एकच खोली. दोन शिलाई मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि पडद्यामागे उभं राहून पँट घालून बघता येईल एवढी जागा. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, वाढलेल्या पोटासाठी कंबर सैल करणं, फाटलेल्या खिशाला आतून पट्टी लावणं अशी इथली कामं. नवीन काही शिवायला कुणी कापड घेऊन आलं की टेलरबाई म्हणतात, "नवं शिवणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे बिघडलेलं आणा."

गुरुवारी दुपारी हे दुकान बंद असतं. बाई ठेवणीतला कोट घालून, केस नीट बांधून बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात. येताना चेहरा थकलेला असतो. एक-दोनदा त्यांना मेडिकल कॉलेजच्या फाटकातून आत जाताना मी पाहिलं होतं, म्हणून एकदा भीत भीत विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून त्या हसल्या. "मला काय धाड भरलीय? मी तिथे नातेवाईक असते."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. बसा, ही चेन होईपर्यंत सांगते."

त्या चेनला त्या दिवशी फार वेळ लागला, आणि पुढे माझ्या आणखी चार-पाच कपड्यांनाही. मी ऐकलं ते असं.

टेलरबाईंचे यजमान ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. हे गृहस्थ तो क्वचितच दाबायचे. शिकणारा माणूस गाडी फुटपाथवर चढवायच्या बेतात असला तरी ते शांतपणे विचारायचे, "आपण आता कुठे निघालोय असं वाटतंय तुम्हाला?" गाडीत त्यांना चिडलेलं कुणी पाहिलं नाही. घरी मात्र टीव्हीचा रिमोट सापडला नाही की घर डोक्यावर घ्यायचे.

त्यांना बावन्नावं वर्ष लागलं होतं. एके दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "डोक्यात काहीतरी…" आणि टेबलावरच मान टाकली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. हॉस्पिटलात नेलं, श्वासाचं मशीन लावलं. बाई आणि त्यांची मुलगी दोन दिवस अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर होत्या. मुलगी तेव्हा कॉलेजात शिकत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी काहीतरी खायला आणायला खाली गेली. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर बाईंना शोधत आला. पंचविशीचा असेल. हातात फाइल, दाढी दोन दिवसांची, डोळे लाल. बाई लिफ्टजवळ उभ्या होत्या. तिथेच तो बोलायला लागला.

"तुम्ही यांच्या मिसेस ना? पेशंट ब्रेन डेड आहे. अवयव द्यायचे असतील तर आजच ठरवावं लागेल. उशीर झाला तर वाया जातील."

बाईंना पहिलंच वाक्य कळलं नव्हतं. त्या नुकत्याच आत जाऊन आल्या होत्या. नवऱ्याची छाती वर-खाली होत होती. हात गरम होता. त्यांनी विचारलं, "म्हणजे ते शुद्धीवर यायला वेळ लागेल?"

"मी सांगितलं ना, ब्रेन डेड आहे," डॉक्टर म्हणाला, आणि फाइलमधून फॉर्म काढायला लागला.

लिफ्टचं दार उघडलं. आतून एक माणूस ट्रॉली ढकलत बाहेर आला आणि म्हणाला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा." बाई भिंतीला चिकटल्या. डॉक्टर पलीकडच्या भिंतीला चिकटला. मधून ट्रॉली गेली. ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!"

डॉक्टरने फॉर्म परत फाइलमध्ये ठेवला आणि तो गेला. त्याने वाद घातला नाही, समजूत काढली नाही. बाई सांगतात, "सुटल्यासारखा गेला हो. जणू मीच त्याला सोडलं."

छाती मशीन हलवत होतं आणि माणूस आदल्या संध्याकाळीच गेला होता, हे त्यांना नंतर एका म्हाताऱ्या नर्सने खुर्चीवर बसवून नीट समजावून सांगितलं. वेगवेगळ्या डॉक्टरांनी काही तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या केल्या होत्या, मेंदू पुरता थांबला होता, तो पुन्हा चालू होत नसतो. बाईंना सगळं पटलं. पण तोवर 'नाही' म्हणून झालं होतं, आणि ते मागे घेता येतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हृदयही थांबलं.

पुढे दिवस गेले. दुकान चालू होतं, मुलीचं शिक्षण पुरं झालं, तिला नोकरी लागली. बाई लोकांत हसत-बोलत असत. पण एक गोष्ट मनात रुतून बसली होती. यजमान असे होते की एकदा हायवेवर कुण्या अनोळखी माणसाचा टायर फुटला तर ह्यांनी आपलं स्टेपनीचं चाक त्याला देऊन टाकलं, आणि स्वतः पुढचे शंभर किलोमीटर जीव मुठीत धरून गाडी चालवली. अशा माणसाला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"माझ्या 'नाही'चं मला एवढं वाईट वाटत नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "कुणाला नाही म्हणायचं असेल तर म्हणावं, तो ज्याचा त्याचा हक्क. पण मी जे नाही म्हटलं ते त्या फॉर्मला नव्हतंच. ते त्या लिफ्टला होतं, त्या 'वाया' शब्दाला होतं. ह्यांनी काय म्हटलं असतं, हे मला कुणी विचारलंच नाही."

असं चार वर्षं चाललं.

मग कॉलेजातून एक काम आलं. मेडिकल कॉलेजात 'स्किल लॅब' नावाचा एक मोठा हॉल आहे. तिथे मुलं खऱ्या माणसाला हात लावण्याआधी रबरी पुतळ्यांवर शिकतात. इंजेक्शन द्यायचं, नळी घालायची, छाती दाबायची, सगळं आधी पुतळ्यावर. या पुतळ्यांची कातडी शिवणींवर फाटली होती आणि नवी यायला सहा महिने लागणार होते. लॅबच्या प्रमुख मॅडम भुलीच्या डॉक्टर होत्या. ठेंगण्या, गळ्यात साखळीला चष्मा, चालताना कायम घाईत. त्यांच्या मुलाच्या पँटा बाईंकडे यायच्या. त्यांनीच विचारलं, "ताई, रबर शिवता येईल का हो?"

"सुई गेली की सगळं शिवता येतं," बाई म्हणाल्या.

जाड सुई, मेणाचा दोरा आणि पक्कड घेऊन बाई हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर बसल्या. एक पुतळा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. पलीकडच्या टेबलावर काही मुलं फोमच्या तुकड्यावर टाके घालायला शिकत होती. बाईंच्याने राहवेना. "अरे, दोरा एवढा ओढू नकोस. कापड गोळा होतंय बघ." तो मुलगा म्हणाला, "मावशी, हे कापड नाही, त्वचा आहे." बाई म्हणाल्या, "मग तर अजिबात ओढू नकोस." झालं, तेव्हापासून त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या.

तिसऱ्या दिवशी हॉलच्या दुसऱ्या टोकाला मॅडम शेवटच्या वर्षाच्या मुलांचा एक वेगळाच वर्ग घेत होत्या. अवयवदानाचा धडा होता. मूत्रपिंड कुणाला बसवता येतं, यकृत किती तास टिकतं, रक्तगट कसे जुळवतात, कायदा काय सांगतो, हे मुलांना तोंडपाठ होतं. आता सराव होता तो मृत्यूची बातमी सांगण्याचा आणि पुढच्या बोलण्याचा. एक मुलगा डॉक्टर झाला होता, दुसरा नातेवाईक. नातेवाईक झालेला मुलगा छाती पिटून "अरे देवा, हे काय झालं!" म्हणून रडत होता आणि बाकीचे तोंड दाबून हसत होते. मॅडमच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या.

"तसं कुणी रडत नाही," कोपऱ्यातून बाई म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या परत सुई ओवायला लागल्या.

मॅडम वळल्या. "मग कसं असतं, ताई?"

"रडू तेव्हा येतच नाही. तेव्हा माणूस फक्त बघत असतो. समोरचा उभा आहे की बसलाय, त्याला जायची घाई आहे का, हे सगळं दिसत असतं. ऐकू काहीच येत नाही."

 मॅडमनी नातेवाईक झालेल्या मुलाला उठवलं आणि त्या खुर्चीकडे हात केला. "याल?"

बाईंनी पुतळ्याचं डोकं मांडीवरून अलगद खाली ठेवलं आणि त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. समोर मघाशी डॉक्टर झालेला मुलगाच आला. कागदावरची दोन वाक्यं म्हणाला. बाईंनी उत्तर दिलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मुलगा अडखळला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अडखळला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "मॅडम, मला नाही जमत." आता कुणीही हसलं नाही.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी चहा मागवला. कप हातात देऊन विचारलं, "कोण होतं?" आणि मग बाईंनी चार वर्षांत पहिल्यांदा लिफ्टपासून फॉर्मपर्यंत सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकही शब्द घातला नाही. शेवटी म्हणाल्या, "दर गुरुवारी हा वर्ग असतो. याल का? लगेच सांगू नका."

घरी मुलगी खवळली. "आई, दर आठवड्याला जाऊन तेच उसवायचं? कशासाठी?"

"मी दिवसभर काय करते? उसवतेच ना? नीट करायचं तर आधी उसवावंच लागतं."

"ते कपडे असतात."

"हो गं, कळतं मला. पण त्या पोरांना बघितलंस का? उद्या खरोखरच कुणासमोर जाऊन उभी राहतील. त्यांना कुणीतरी सांगायला नको?"

 मुलगी आठवडाभर धुमसत राहिली. मग बुधवारी संध्याकाळी तिनेच आईचा कोट इस्त्री करून खुंटीला लावला.

मॅडमनी एक गोष्ट आधीच ठरवून टाकली. बाईंनी स्वतःची हकीकत खेळायची नाही. त्यांच्यासाठी एक बनवलेला माणूस तयार केला गेला. चाळीस वर्षांचा धाकटा भाऊ, इमारतीला रंग देताना परांचीवरून पडलेला, डोक्याला मार लागलेला. बाईंनी त्या नसलेल्या भावाला हळूहळू बऱ्याच सवयी देऊन टाकल्या. तो कांदा खात नसे, त्याला पोहता येत नसे, बहिणीला तो 'अक्का' म्हणायचा. मुलांनी विचारलं की त्या हे सांगायच्या, आणि विचारलं नाही की गप्प बसायच्या. बहुतेक जण विचारायचेच नाहीत.

काय काय चुकायचं त्यांचं! कुणी उभ्या उभ्या बोलायचं. कुणी बसायचं, पण खिशातला फोन वाजला की नजर तिकडे. कुणी म्हणायचं, "तुमचं दुःख मी समजू शकतो." त्यावर बाई विचारायच्या, "कसं काय?" आणि तो बिचारा गारठायचा. कुणी मृत्यूची बातमी आणि दानाचा प्रश्न एकाच श्वासात उरकून टाकायचं. मॅडम शिकवायच्या की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, आणि दानाचं बोलणं शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरने नाही, त्यासाठी नेमलेल्या समन्वयकाने करायचं. मुलांना त्या सांगायच्या, तुमचं काम पहिल्या गोष्टीचं. माणूस गेला आहे, हे साध्या शब्दांत सांगा, आणि त्यांना ते कळेपर्यंत तिथून हलू नका.

चुका दाखवायची बाईंची पद्धत मात्र त्यांची स्वतःची नव्हती. त्या यजमानांसारखं बोलायच्या. खेळ संपला की शांतपणे विचारायच्या, "आपण आता कुठे निघालो होतो असं वाटतंय तुला?" मुलाला स्वतःच कळायचं. ओरडावं लागायचं नाही.

एका तुकडीत एक उंच मुलगी होती. हुशार, सगळ्यात पहिली येणारी. पण बोलायची ती बसस्टँडवरच्या घोषणेसारखी, भरभर, एका सुरात. घाबरली की वेग आणखी वाढायचा. तीन गुरुवार झाले तरी फरक पडेना. चौथ्या वेळी ती रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, मला सगळं माहीत आहे, पण तोंड थांबत नाही."

बाईंनी तिला दुकानात बोलावलं. तिच्या हातात एका पँटची जुनी दुमड आणि टीप उसवायची छोटी हत्यारं दिली. "हे उसव, आणि उसवता उसवता मला सांग, माझा भाऊ कसा आहे." टाका ओढून काढायचा तर घाई चालत नाही, कापड फाटतं. मुलगी एक टाका काढायची, एक वाक्य बोलायची. "तुमच्या भावाच्या डोक्याला फार मोठी इजा झाली होती." टाका. "आम्ही सगळे उपचार केले." टाका. "आज सकाळी त्यांचा मृत्यू झाला." तिचा हात थांबला. पुढचा टाका तिने बराच वेळ काढला नाही.

"हं," बाई म्हणाल्या. "आत्ता मला ऐकू आलं."

अशी दोन वर्षं गेली. मग एकदा मॅडमनी अतिदक्षता विभागात आधीपासून काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी एक दिवसाची उजळणी ठेवली. त्यांच्यातले पुष्कळसे नाइलाजाने आल्यासारखे बसले होते. तिसऱ्या क्रमांकावर एक डॉक्टर उठून बाईंसमोर आला. कानशिलांवर थोडे केस पांढरे झालेले, चष्मा. त्याने खुर्ची ओढली, बाईंच्या डोळ्यांच्या पातळीवर बसला, स्वतःचं काम सांगितलं आणि विचारलं, "तुमच्यासोबत आणखी कुणी आहे का? थांबायचंय का आपण त्यांच्यासाठी?"

हा आवाज बाईंनी त्या लिफ्टजवळ ऐकला होता. तोच होता.

आणि तो फार चांगलं बोलत होता. 'ब्रेन डेड' म्हणाला नाही. मशीन काय करतंय, छाती का हलतेय, हात गरम का लागतोय, हे बाईंनी न विचारताच त्याने सांगितलं. मग गप्प बसला. घड्याळाकडे पाहिलं नाही. भावाबद्दल विचारलं. त्याला काय आवडायचं, विचारलं.

बाईंना वाटलं होतं, हा माणूस कधी समोर आलाच तर आपल्याला राग येईल तो त्याच्या वाईट बोलण्याचा. राग आला तो त्याच्या चांगल्या बोलण्याचा. हे सगळं याला येत होतं. हे सगळं हा शिकला होता. मग माझ्या वेळी का नाही? त्या खुर्चीवरून उठल्या, "मला जरा बरं वाटत नाहीये," म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. दोन पायऱ्या सोडून बसला. "माझं काही चुकलं का?"

"नाही. काहीच चुकलं नाही. तेच तर."

त्याला कळेना. तेव्हा बाईंनी सांगितलं. वर्ष, महिना, दुपारची वेळ, लिफ्ट, ट्रॉली. 'वाया' हा शब्द सांगितला. त्याने मान खाली घातली.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "हे सांगताना लाज वाटते, पण खोटं नाही बोलणार तुमच्याशी. त्या वर्षी मी तसं अजून पाच-सहा जणांना विचारलं असेन. सगळ्यांना तसंच. वरच्यांनी हातात फॉर्म दिला आणि म्हणाले, जा, विचारून ये. काय विचारायचं, कसं विचारायचं, कुणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षांच्या शिक्षणात एक तासही नव्हता त्याचा. मी रोज लिफ्टजवळच्या त्या बोळात जाताना देवाला म्हणायचो, नातेवाईक जागेवर नसू देत."

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन दिवसांची दाढी आणि लाल डोळे त्यांना आठवत होते, पण ते कशाचे होते याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?" त्याने विचारलं.

"नाही म्हणाले."

तो मान हलवत राहिला. "मीही नाहीच म्हटलं असतं," तो म्हणाला. आणि मग, "तुमचे यजमान काय करायचे?"

बाईंनी ड्रायव्हिंग स्कूलबद्दल सांगितलं. स्टेपनीच्या चाकाबद्दल सांगितलं. तो मध्येच हसला, त्याही हसल्या, आणि मग हसता हसता त्यांना रडू फुटलं. जिन्यावरून जाणारी मुलं दबकून बाजूने गेली. तो उठला नाही. रडणं थांबल्यावर त्याने जाऊन पाणी आणलं, बाईंनी तोंड धुतलं, कोट झटकला आणि त्या आत जाऊन उरलेल्या नऊ डॉक्टरांसमोर भावाची बहीण म्हणून बसल्या.

"माफ केलंत त्याला?" मी विचारलं होतं.

"माफ काय करायचंय? शिकवलंच नव्हतं त्याला कुणी. मला फक्त एवढं वाटलं, की हे एकट्या माझ्याच वाट्याला आलं नव्हतं. आम्ही दोघंही त्या बोळात अडकलो होतो." मग त्यांनी माझ्या पँटच्या कमरेवर खडूची रेघ मारली आणि म्हणाल्या, "अजून दीड इंच. खाता काय हो तुम्ही?"

उंच मुलगी पुढे त्याच डॉक्टरच्या हाताखाली काम करायला लागली. एका दुपारी ती दुकानात आली आणि इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसली.

"आज पहिल्यांदा मी सांगितलं, मावशी. खरोखरचं. एका बाईंचा मुलगा होता. मी हळू बोलले. त्यांना कळलं. नंतर समन्वयक ताई बोलल्या दानाबद्दल." ती थांबली. "नाही म्हणाल्या त्या."

"बसल्या होत्या का?"

"हो."

"त्यांना आत किती वेळ मिळाला मुलाजवळ?"

"हवा तेवढा. मीच खुर्ची नेऊन दिली. जाताना त्यांनी माझा हात धरला."

"मग तू तोंड का पाडलंयस?"

"पाच जणांना उपयोग झाला असता मावशी. एक मुलगी आहे आमच्या वॉर्डात, आठ महिने झाले तिला यादीत…" 

बाईंनी मशीन थांबवलं. यादीतल्या त्या मुलीचं दुःख खोटं नव्हतं आणि त्या आईचं 'नाही'ही खोटं नव्हतं. दोन्हीच्या मध्ये ही पोर बसली होती.  त्यांनी चहा केला. दोघींनी तो पिऊन संपवला. जाताना मुलगी म्हणाली, "उद्या परत ड्यूटी आहे," आणि बाई म्हणाल्या, "जा. जेवून जा मात्र."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मेडिकल कॉलेजात हा वर्ग आता सगळ्या तुकड्यांना आहे, परीक्षेतही त्याला गुण आहेत. एकट्या बाईंना झेपेना म्हणून मॅडमनी आणखी नातेवाईक शोधले. गेल्या वर्षी एक निवृत्त बसचालक आले. धिप्पाड, मिशाळ, आवाज असा की हॉलच्या काचा हलाव्यात. सहा वर्षांपूर्वी त्यांना एका अनोळखी माणसाचं मूत्रपिंड मिळालं होतं. त्या उपकाराची फेड म्हणून काहीतरी करायचं त्यांनी ठरवलं होतं. मॅडमनी त्यांना चिडलेल्या थोरल्या भावाचं काम दिलं. बोलणं नीट झालं तरी शेवटी नकार द्यायचा, असं कागदावर लिहिलं होतं.

पहिल्याच दिवशी ते अडले. समोरचा मुलगा नीट बोलला, समन्वयक झालेली मुलगी नीट बोलली, आणि हे महाशय मिशा कुरवाळत बसून राहिले. मग उठून बाईंकडे आले. "मावशी, दुसरं काहीतरी द्या मला. आरडाओरडा करतो, खुर्ची फेकतो. पण नाही म्हणवत नाही हो. माझ्यासाठी कुणीतरी त्या खुर्चीवर बसून हो म्हटलंय. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

बाईंनी त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. "तुमच्यासाठी जे हो म्हणाले, त्यांना नाही म्हणायची मोकळीक होती ना?"

"असणारच."

"म्हणूनच त्या 'हो'ला वजन आहे. या पोरांना 'नाही' ऐकायची सवय नसेल, तर उद्या लोकांचे 'हो' ओरबाडून घेतील. तुम्ही म्हणा. मी म्हटलंय, काही होत नाही."

 ते जाऊन खुर्चीवर बसले. मुलांनी पुन्हा सुरुवात केली. बातमी सांगितली, थांबले, पाणी दिलं, पुन्हा थांबले. समन्वयक झालेली मुलगी खुर्ची जवळ घेऊन बसली आणि तिने विचारलं. बसचालकांनी डोळे मिटले. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून इतका बारीक आवाज येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

मुलीच्या हातात कागद होता. तो तिने उलटा करून मांडीवर ठेवला. "बरं," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ थोडा वेळ बसायचंय का तुम्हाला? मी घेऊन जाते."